भरपाईत आलेला माणूस

भरपाई म्हणून सरकारनं मला जो माणूस दिला, तो मीच होतो.

सकाळची वेळ होती. सरकारी जीप आमच्या गल्लीत शिरली, दारासमोर थांबली आणि मागच्या सीटवरून तो उतरला. अंगानं माझ्यापेक्षा भरलेला, केस माझ्याइतके पिकलेले नाहीत, शर्टाला इस्त्री. आमच्या दारासमोर गटारावर एक सैल फरशी आहे. तिच्यावर पाय न देता तो सहज पलीकडे आला. ती सैल आहे हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. मी सुटून घरी आलो त्या दिवशी तिच्यावरच पाय पडून माझा घोटा मुरगळला होता.

त्याच्याबरोबर एक कारकून होता. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"उत्तम खैरमोडे तुम्हीच?"

"हो."

"हेही तेच. ताबा घ्या."

"म्हणजे काय करू?"

"हात धरा आणि मिळाले म्हणा."

मी त्याचा हात धरला. हात गरम होता. अंगठ्यावर तांब्याच्या तारेनं पडतात तसे बारीक काप होते, ताजे. माझे कधीच बुजून गेले होते.

"मिळाले," मी म्हणालो.

कारकून जीपमध्ये बसला. आमच्या गल्लीत जीप वळत नाही, म्हणून ती तशीच मागं मागं निघून गेली.

मी फलटणला मोटारी भरायचो. म्हणजे विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या, काळी पडलेली तार काढून टाकायची आणि नवं वाइंडिंग घालून द्यायचं. घरालगतच दुकान होतं. एका दुपारी दुसऱ्या जिल्ह्यातले पोलीस आले. तिकडे एका पेट्रोल पंपाच्या मॅनेजरचा खून झाला होता आणि तो उत्तम खैरमोडे नावाच्या माणसानं केला होता. मी म्हणालो, "नाव माझं आहे, पण माणूस मी नाही." ते म्हणाले, असं सगळेच म्हणतात. माझी मुलगी तेजल तेव्हा बालवाडीत होती. अकरा वर्षांनी खरा खुनी वेगळ्याच गुन्ह्यात सापडला आणि बोलता बोलता पंपाचंही सांगून बसला. वरच्या कोर्टानं मला निर्दोष सोडलं.

माझी केस रुकसाना मणेर नावाच्या वकील बाईंनी चालवली होती. भरपाईसाठीही त्याच उभ्या राहिल्या. "कायद्यात तशी सरळ तरतूद नाही, खैरमोडे," त्या मला म्हणाल्या होत्या. "न्यायमूर्तींच्या मनावर आहे. काहीतरी रक्कम देतील आणि संपवतील." पण न्यायमूर्ती म्हणाले की गेलेल्या वर्षांची पैशात किंमत करणं हा या माणसाचा दुसरा अपमान होईल. सरकारनं जे घेतलं तेच परत करावं. सरकारी वकिलांनी मुदत मागून घेतली. मुदत संपली आणि जीप आली.

आम्ही दोघं घरात गेलो. माझी बायको सिंधू स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. तिनं आम्हाला पाहिलं आणि उंबऱ्यावरच बसली. 

"दोघंही जेवणार का?" तिनं विचारलं.

"मी आधी आंघोळ करतो," तो म्हणाला. "गीझर चालू आहे ना?"

"आपल्याकडे गीझर नाही," सिंधू म्हणाली.

"आपण बसवला नव्हता का? आईला गार पाणी सोसेना म्हणून?"

सिंधूनं माझ्याकडे पाहिलं. मी नाही अशी मान हलवली. त्या दिवशी त्यानं चुलीवर तापवलेल्या पाण्यानं आंघोळ केली. दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीत गीझर होता. जुना होता, त्याच्या तोटीवर पाण्याचे पांढरे थर चढले होते.

माझी आई मी आत असताना गेली. मी रजा मागितली होती, ती मिळाली नाही. बातमी कळली तेव्हा तिसरा दिवसही होऊन गेला होता. तिच्या मरणाचं माझ्याजवळ काहीच नव्हतं, रडायलासुद्धा काही नव्हतं. म्हणून पहिल्याच दुपारी, जेवण झाल्यावर मी त्याला विचारलं, "तू होतास तेव्हा?"

"होतो की."

"कशी गेली?"

"शेवटी तिला पपई खावीशी वाटली," तो म्हणाला. "मी बाजारातून आणली. कापली तर आतून कच्ची. तिनं मला असल्या शिव्या घातल्या! एवढा मोठा झालास, संसार झाला, पपई निवडता येत नाही. शिव्या देता देता दम लागला. म्हणाली, जरा पडते. आणि पडली ती पडलीच."

मी हसलो. मग तोही हसला. हसता हसता मला रडू आलं आणि मी भिंतीकडे तोंड करून बसलो. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. माझ्या आईला शेवटचं ज्या हातांनी उचललं होतं ते हात माझेच होते, आणि मला वाटलं, कोर्टानं खरोखर न्याय केला.

पहिले काही दिवस चांगले गेले. मला आत येरझारा घालायची सवय लागली होती, ती सुटली नव्हती. मी पुढच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत राहायचो. तो दुकानात जायचा. दुकानाचं शटर गंजून बसलं होतं. तो आल्यापासून ते उघडायला लागलं, मग त्याला निळा रंग लागलेला दिसला, मग गिऱ्हाईकं आली. तीही अशी बोलत होती जणू दुकान कधी बंदच नव्हतं. "उत्तमराव, मागच्या पावसाळ्यात भरून दिलेली मोटार अजून सुरू आहे बघा." तो म्हणायचा, "असणारच."

घरात रोज सकाळी काहीतरी आलेलं असायचं. एकदा फ्रीज. एकदा काचेचं शोकेस, त्यात तेजलला धावण्याच्या शर्यतीत मिळालेले दोन कप. एकदा सोफा, त्याच्या एका बाजूचं रेक्झिन फाटलेलं. तेजलनं लहानपणी कंपासच्या टोकानं फाडलं असं तो म्हणाला, आणि तेजल लाजून हसली. हे सगळं त्यानं त्या वर्षांत कमावून आणलेलं होतं, त्यामुळे त्याला नको म्हणता येत नव्हतं. पण खोली तेवढीच होती. माझी कॉट आधी खिडकीखाली होती. फ्रीज आला तेव्हा ती भिंतीला सरकली. सोफा आला तेव्हा तिचे पाय मोरीच्या दाराला टेकले. मला चालायला फ्रीज आणि सोफा यांच्या मधली पट्टी उरली. मी त्या पट्टीतून चालायचो.

सिंधू मी आत असताना खारी-टोस्टच्या भट्टीवर कामाला जायची. तापलेले ट्रे ओढून ओढून तिच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे डाग पडले होते. मी सुटून आलो तेव्हा सगळ्यात आधी मला ते दिसले होते आणि मी काही विचारायच्या आत तिनं पदर हातांवर ओढून घेतला होता. एका सकाळी ती पोळ्या लाटत होती. मी दारात उभा होतो. तिचे हात स्वच्छ होते.

"सिंधू, हात," मी म्हणालो.

"काय झालं हाताला?" तिनं हात उलटे सुलटे करून पाहिले.

"भट्टीचे डाग."

"कुठली भट्टी?"

मला आनंद झाला. खरंच झाला. तिचे हात लग्नात होते तसे झाले होते. मी आत असताना मला एवढंच हवं होतं, की हिला यातलं काही सोसावं लागू नये. पण माझे पाय हलायला लागले. मी बाहेरच्या खोलीत गेलो आणि पट्टीतून चालू लागलो, आणि चालताना फ्रीजचा कोपरा माझ्या खांद्याला लागला. आदल्या दिवशी तो लागला नव्हता.

त्या दिवशी दुपारी मी तिला समोर बसवलं. तो दुकानात होता.

"तुला आठवतं का," मी म्हणालो, "तू मुलाखतीला यायचीस. मधे जाळी असायची. पलीकडे सगळ्या बायका एकदम बोलायच्या, म्हणून काही ऐकू यायचं नाही. एकदा तू ओरडून ओरडून काहीतरी सांगत होतीस आणि मला कळेना. शेवटी तू बोलणं सोडून दिलंस आणि जाळीला तळहात लावून उभी राहिलीस. मीही लावला. शिपायानं काठी आपटली तेव्हा मी हात काढला, पण तू काढला नाहीस."

सिंधू मन लावून ऐकत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मग?" ती म्हणाली.

"मग वेळ संपली. तू काय सांगत होतीस ते मी नंतर कधी विचारलंच नाही. आज विचारतो. काय सांगत होतीस?"

तिनं पदरानं डोळे पुसले.

"मला कसं माहीत असणार?" ती म्हणाली. "पण त्या बिचाऱ्या बाईचं फार वाईट वाटतं हो. काय काय सोसलं असेल तिनं." मग उठून आत जाताना ती थांबली आणि म्हणाली, "तुम्ही चहा घेणार का, भाऊजी?"

तिनं मला भाऊजी म्हटलं. ते तिच्या तोंडून इतकं सहज आलं की मी "हो" म्हणालो.

शेजारणीला तिनं मी ह्यांचा चुलतभाऊ असल्याचं सांगितलं. काही दिवसांनी तेजल मला काका म्हणायला लागली. मी सुटून आलो तेव्हा ती मला "तुम्ही" म्हणायची, दुरून बोलायची, माझ्या हातात पाण्याचा पेला देतानाही आपली बोटं माझ्या बोटांना लागू द्यायची नाही. मला वाटायचं, हळूहळू जवळ येईल. आता ती त्याच्या पाठीवर बुक्क्या मारून स्कूटीची चावी मागत होती. "बाबा, दे ना! अरे दे ना, क्लासला उशीर होतोय!" मी सोफ्याच्या मागं उभा राहून ते पाहत होतो. ती धावण्याच्या शर्यतीत दोनदा पहिली आली होती आणि दोन्ही वेळा तिच्या बापानं शिट्टी वाजवली होती. असं बालपण मिळालेली मुलगी कशी दिसते ते मी पाहत होतो. ती सुंदर दिसत होती. मला त्यातला एक दिवसही तिच्याकडून काढून घ्यायचा नव्हता.

तरीपण मी तिला एकदा विचारलं, "तेजल, लहानपणी तू आईबरोबर तुरुंगाच्या फाटकाशी आली होतीस. तिथं तुझी चप्पल तुटली होती."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. "बाबा, काका असं काय बोलतात?"

"त्यांना बरं नाही," तो हळूच म्हणाला. "तू जा."

ती गेल्यावर मी त्याला म्हणालो, "मला बरं नाही का?"

"काय सांगू तिला?" तो म्हणाला. "तूच सांग. काय सांगू?"

 त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो, आणि त्याच्या जागी मीच होतो.

तो माणूस वाईट नव्हता हे मला सांगितलं पाहिजे. घरात चालायला जागा उरली नाही तेव्हा त्यानं मला दुकानात नेलं. माझी बोटं तार विसरली होती. मोटारीच्या खाचांमधून तार कशी फिरवायची, किती ताण द्यायचा, काही आठवेना. तो माझ्यामागं उभा राहून माझ्या हातांवर हात ठेवून शिकवायचा. हळूहळू बोटांना कळायला लागलं. एका दुपारी आम्ही दोघांनी मिळून एक मोठी मोटार भरली. चालू केली तेव्हा ती काहीच आवाज न करता फिरायला लागली, आणि आम्ही दोघं तिच्याकडे बघत बसलो.

"तू मला तिथलं काहीतरी सांग," तो अचानक म्हणाला.

"कुठलं?"

"आतलं."

"कशाला? तुझ्याकडे सगळं आहे."

"आहे. पण मधेच काहीतरी खटखटतं. बेअरिंग गेलेली मोटार वाजते ना, तसं. पोरगी शर्यतीत पहिली येते, मी शिट्टी वाजवतो, आणि शिट्टी वाजवता वाजवता मला वाटतं की मी इथं नाहीये. ते जे काही आहे ते तुझ्याकडे असणार."

मी त्याला बराकीबद्दल सांगितलं. झोपायला इतकी कमी जागा असायची की एकानं कूस बदलली तर ओळीतल्या सगळ्यांना बदलावी लागायची. शेजारी पोपट नावाचा म्हातारा झोपायचा, त्याला कूस बदलण्याआधी "सरका" असं म्हणायची सवय होती. तो मेला त्या सकाळी कुणी सरका म्हणालं नाही, म्हणून आम्ही सगळे तसेच एका कुशीवर पडून राहिलो. तो ऐकत होता. त्याचे ओठ हलत होते. मला दिसलं की तो माझे शब्द माझ्याबरोबर म्हणतोय, आणि शेवटचे काही तर माझ्या आधी.

त्यानंतर त्यानं मला कधी काही विचारलं नाही. पण दुकानात तो एका जागी बसेनासा झाला. गिऱ्हाईक बोलत असताना तो दारापासून आतल्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारायचा. दुकान लांबट होतं, त्याला जागा होती.

मी मणेर मॅडमच्या ऑफिसला गेलो. त्यांचं ऑफिस कोर्टासमोरच्या इमारतीत, जिन्याखाली आहे. मी समोर बसलो आणि म्हणालो, "मॅडम, भरपाई नको. परत घ्यायला सांगा. किंवा निदान सगळ्यांना आठवत राहील असं काहीतरी करा."

त्यांनी चष्मा काढला. "आपण आधी भेटलोय का?"

"मी उत्तम खैरमोडे."

"मोटारवाले खैरमोडे? परवाच त्यांनी आमच्या बोअरची मोटार भरून दिली." त्यांनी मला नीट न्याहाळलं. "तुम्ही त्यांचे नातेवाईक का? तोंडावळा सारखा आहे."

"तुम्ही माझी केस लढलात. एक पैसा घेतला नाही. निकालाच्या दिवशी तुम्ही कोर्टाच्या पायरीवर बसून रडलात आणि मला म्हणालात, कुणाला सांगू नका."

 त्या हळू आवाजात म्हणाल्या, "असं मी केलं असतं तर मला ते आवडलं असतं." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "पण तुमचं म्हणणं असं की तुम्ही निर्दोष असून अकरा वर्षं आत होता, आणि आता ते कुणालाच माहीत नाही."

"हो."

"मग हे कुणाला सांगू नका," त्या म्हणाल्या. "आत होता हे तुम्हीच सांगणार आणि का होता हे कुणीच सांगू शकणार नाही. वकील म्हणून सांगते. गप्प राहा."

मी घरी आलो. दार पूर्ण उघडेना, कारण दारामागं शिलाई मशीन आलं होतं. मी आडवा होऊन आत शिरलो. माझी कॉट खोलीत नव्हती. सिंधूनं ती मागच्या बोळात, पत्र्याखाली, नीट गादी घालून ठेवली होती. उशीला नवा अभ्रा होता.

"तिथं वारा लागतो, भाऊजी," ती म्हणाली. "आत तुम्हाला कोंडल्यासारखं होत होतं ना."

बोळ माझ्या खांद्यांएवढाच रुंद होता. तिथं फक्त पुढं किंवा मागं जाता येत होतं.

एका दुपारी घरी दोघं जण आले. एक तुरुंगाचे अधिकारी होते, साध्या कपड्यांतले, आणि बरोबर एक हवालदार. अधिकाऱ्यांना सोफ्यावर बसायला दिलं. हवालदार उभाच राहिला, कारण बसायला दुसरी जागा नव्हती. सिंधूनं मला बोळातून बोलावून घेतलं. मी शोकेसला पाठ लावून उभा राहिलो.

"अडचण अशी आहे," अधिकारी म्हणाले. ते थकलेले दिसत होते. "आमच्याकडे अकरा वर्षं एक माणूस राहिला. जेवला, झोपला, आजारी पडला, औषधं घेतली. आता असं दिसतंय की त्याला आमच्याकडे कुणी पाठवलंच नव्हतं. ज्याला पाठवलं म्हणतात तो इथं घरी होता. दुकान चालवत होता. सगळी गल्ली सांगते."

"मग?" मी म्हणालो.

"मग तो कोण होता? आणि आत काय करत होता? तुरुंगात शिक्षेशिवाय राहता येत नाही. तो गुन्हा आहे."

सिंधू चहा घेऊन आली. अधिकाऱ्यांनी तिला विचारलं, "बाई, हे कोण?"

"ह्यांचे चुलतभाऊ."

"इतकी वर्षं कुठं होते?"

सिंधूनं माझ्याकडे पाहिलं. तिला मी कोण हे आठवत नव्हतं, पण मी घाबरलोय हे तिला कळलं. तिला ते नेहमीच कळायचं. तिनं कप खाली ठेवला.

"आमच्याकडेच," ती म्हणाली. "कायम आमच्याकडेच असतात ते. मागं झोपतात. त्यांचं दुसरं कुणी नाही."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "बरोबर?"

मी मान हलवली असती तर ते चहा पिऊन गेले असते. बोळात कॉट होती, गादी होती, दोन वेळचं जेवण होतं. रोज सकाळी तेजल स्कूटी बाहेर काढताना मला दिसली असती. सिंधूच्या हातांवर डाग नव्हते. माझी आई शिव्या देत, घरच्या माणसांत मेली होती. एक मान हलवायची, की कुणाचंच कधी काही वाईट झालेलं नव्हतं.

मला पोपट म्हातारा दिसला. तो कुणाच्या शेजारी झोपत होता? जाळीला तळहात लावून सिंधू उभी होती, ती कुणासाठी? मी मान हलवली असती तर त्या जाळीपलीकडे कुणीच उरलं नसतं, आणि ती तशीच हात लावून उभी राहिली असती.

"मी आत होतो," मी म्हणालो.

सिंधूनं श्वास आत घेतला.

"कुणी पाठवलं होतं?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"कोर्टानं. मी काही केलं नव्हतं, तरी."

"त्याची भरपाई मिळाली?"

"मिळाली."

"म्हणजे वर्षं परत मिळाली."

"हो."

"म्हणजे तुम्ही घरी होता."

"हो."

"मग आत कोण होतं?"

"मी."

अधिकाऱ्यांनी चहा संपवला आणि कप जमिनीवर ठेवला. "झालं तर," ते म्हणाले.

तेवढ्यात तो दुकानातून आला. हात फडक्याला पुसत होता. शिलाई मशीनला वळसा घालून तो आत शिरला आणि हवालदाराच्या शेजारी, उरलेल्या जागेत उभा राहिला. त्यानं काय चाललंय ते विचारलं. अधिकाऱ्यांनी सांगितलं. सांगताना त्यांना बहुतेक कंटाळा आला होता, कारण त्यांनी फार थोडक्यात सांगितलं.

"हा नव्हता आत," तो म्हणाला. "मी होतो."

"तुम्ही घरी होता. तुमचं सगळं इथं आहे."

"इथंही होतो."

"असं चालत नाही."

"मग तुम्हीच ओळखा," तो म्हणाला. त्याचे पाय जागच्या जागी हलत होते. "नाव एक आहे. मागच्या वेळी नाव बघूनच नेलं होतं. या वेळी नीट बघून न्या."

"तू गप्प बस," मी त्याला म्हणालो. "पोरगी क्लासवरून येईल आता."

"म्हणूनच," तो म्हणाला. "ती यायच्या आत निघू."

अधिकाऱ्यांनी आमच्या दोघांच्या तोंडांकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. मग ते उठले. हवालदारानं एकच बेडी आणली होती. त्यानं तिचं एक कडं माझ्या उजव्या मनगटात घातलं आणि दुसरं कुठं अडकवावं याचा विचार करत थांबला. तेव्हा भरपाईत आलेल्यानं आपला डावा हात पुढं केला. कड्यात गेलं ते त्याचं मनगट. हवालदारानं किल्ली खिशात टाकली.

आम्ही आडवे होऊन एकामागून एक दारातून बाहेर पडलो. गल्लीत ऊन होतं. शेजारपाजारची माणसं दारांत उभी होती. जीप पाठमोरी लावलेली होती. आम्ही तिच्याजवळ पोहोचलो तेव्हा मागून सिंधूचा आवाज आला.

"अहो!"

तो डावीकडून वळला, मी उजवीकडून. साखळी ताणली गेली आणि आम्ही दोघंही अर्धवट वळून थांबलो.

"कुणाला हाक मारलीत?" हवालदारानं विचारलं.

सिंधू उंबऱ्याच्या बाहेर आली. तिनं हात उचलला आणि बोट दाखवलं. ते आमच्या दोघांच्या मधोमध, साखळीकडे होतं.